दाराजवळचा खटका

रंगमंचावरचा तो म्हातारा तिच्याच आजीच्या मरणाची गोष्ट सांगतोय, हे तिच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. आधी नुसतं ओळखीचं काहीतरी कानावर येतंय असं वाटलं, परक्याच्या घरात पाऊल टाकावं आणि आपल्या कपाटातला वास यावा तसं. गिटार मांडीवर आडवी ठेवून, उंच स्टुलाच्या दांडीला एक पाय अडकवून तो बोलत होता. दोन्ही बाजूंच्या पडद्यांवर त्याचा चेहरा घराएवढा झाला होता. गालावरच्या सुरकुत्यांत घाम साचलेला दिसत होता, काळेभोर रंगवलेले केस कपाळाला चिकटले होते. "आई शिवणयंत्रापाशी बसली होती," तो म्हणाला. "मी बूट चढवून दाराशी. खाली गाडी उभी. आई मान वर न करताच म्हणाली, जाता जाता दिवा लाव रे." इथं तो थांबला. छताखालचं ते सगळं बंदिस्त स्टेडियमच थांबलं. कुणाच्या तरी हातातला कागदी पेला चुरगळल्याचा आवाज वरच्या रांगांपर्यंत ऐकू आला. "आणि दिवा तर," इथं त्याचा आवाज मध्येच अडकला, उचकी लागावी तसा, "दिवा तर लागलेलाच होता." तिनं बाबांकडे पाहिलं. बाबा ताठ बसले होते, हात गुडघ्यांवर. आणि त्यांचे ओठ हलत होते. नुसते हलत नव्हते. म्हाताऱ्याच्या ओठांबरोबर मिटत होते, उघडत होते, आणि तो अडकला तिथं तेही अडकले होते.

ती भूलतज्ज्ञ होती. ऑपरेशन करणारे सर्जन तिला लाडानं भूलवाली म्हणत आणि तिला ते आवडायचं. माणसाच्या दंडात सुई टोचून त्याच्याशी गप्पा मारत राहायचं, मुलं किती, सुट्टीत कुठं जाता, आणि बोलता बोलता त्याचं वाक्य मध्येच कुठंतरी सुटून जाताना ऐकायचं, हे तिचं रोजचं काम. अर्धवट राहिलेली ती वाक्यं ती कुणाला सांगत नसे. बाबांच्या वाढदिवसाला या कार्यक्रमाची तिकिटं तिनंच काढली होती, मोठ्या हौसेनं, आणि बाबांनी तोंड वाकडं केलं होतं. "कशाला उगाच? मला नाही तो गोंगाट सोसत." हा त्यांचा विनय आहे असं तिनं धरलं. कारण रंगमंचावरचा हा गायक, ज्याच्या नावानं तीन पिढ्या किंचाळत आल्या होत्या, तो बाबांच्या गल्लीतला होता. बाबा त्याला अजूनही लंबू म्हणत. लंबूच्या पहिल्यावहिल्या बॅंडमध्ये बाबा ड्रम वाजवायचे, आणि आजी गेली तेव्हा त्यांनी ड्रम सोडले ते कायमचे. त्यानंतर छापखान्यात नोकरी, धाकट्या बहिणीचं शिक्षण, उशिरा लग्न. घरात लंबूची एकही रेकॉर्ड नव्हती. रेडिओवर त्याचं गाणं लागलं की बाबा उठून तो बंद करायचे, रागानं नाही, नळ गळत असला तर बंद करावा तसा. कार्यक्रम दुपारचा होता. म्हाताऱ्याला लवकर झोपायचं असेल, असं म्हणून ती हसली होती. बाबा हसले नव्हते. इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून, ते मुलाखतीला निघाल्यासारखे निघाले होते.

घरातली गोष्ट अशी होती. जिना चढून वर एक खोली. आजी एका दुकानासाठी शर्ट शिवायची. शिवणयंत्राच्या वर तारेला लोंबणारा बल्ब, आणि त्याचा खटका दाराजवळ, काळा, गोल, दाबला की शेजारच्या घरात ऐकू जाईल असा वाजणारा. बाबा तेव्हा जेमतेम मिसरूड फुटलेले. बॅंडचा बाहेरगावचा पहिला कार्यक्रम, खाली गाडी खोळंबलेली, बहीण कोपऱ्यात खेळत बसलेली. आजी म्हणाली, जाता जाता दिवा लाव रे. बाबांना वाटलं, दमलीय, किंवा थट्टा करतेय. त्यांनी खटका दाबला, दिवा गेला. पुन्हा दाबला, दिवा आला. "लावला गं," असं ओरडून ते दोन दोन पायऱ्या गाळत जिना उतरले. दुसऱ्या दिवशी सकाळी परत आले तेव्हा दारात शेजारपाजारची माणसं होती. आजीचा पाय म्हणे अजून शिवणयंत्राच्या पायडलवर होता. बाबांनी ही गोष्ट फार वेळा सांगितली नव्हती, पण जेव्हा सांगितली तेव्हा शब्दाला शब्द तीच. 'आणि दिवा तर' इथं ते दर वेळी अडकायचे. लहानपणी ती त्या अडकण्याची वाट बघायची, श्वास धरून, पांघरुणाचं टोक दातात धरून. ते आलं की तिला सुरक्षित वाटायचं. म्हणजे सगळं जागच्या जागी आहे. आजी मेलेली आहे, बाबा इथं आहेत.

ती डॉक्टर झाली तीसुद्धा या गोष्टीपायी. वैद्यकीय कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी एका दुपारी तिला वाचता वाचता उलगडलं की आजीच्या मेंदूच्या मागच्या भागात तेव्हा रक्त झिरपत असणार. डोळे धडधाकट असतात, पण दिसायचं बंद होतं, आणि माणसाला वाटतं दिवे गेले. ती बस पकडून धावत घरी आली होती. "बाबा, तिला दिसत नव्हतं. तुम्ही थांबला असता तरी काही करता आलं नसतं." बाबा टेबलाशी बसून संत्रं सोलत होते. "हो का," ते म्हणाले, आणि एक फोड तिच्या हातावर ठेवली. तिला वाटलं होतं ते रडतील. पुढं नोकरीच्या मुलाखतीत कुणीतरी विचारलं, याच क्षेत्रात का यावंसं वाटलं, तेव्हा तिनं ही गोष्ट सांगितली, आणि सांगताना सुईखाली अडकलेली एक अर्धी शिवलेली कॉलर तिच्या तोंडून निघून गेली. बाबांच्या गोष्टीत कॉलर नव्हती. तिला तिथं काहीतरी हवंसं वाटलं, हाताला लागेल असं काहीतरी, म्हणून तिनं ती घातली. मुलाखत घेणाऱ्यांपैकी एका बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले होते.

"सुईखाली," गायक म्हणाला, "अर्धी शिवलेली कॉलर होती."

तिनं पुढच्या खुर्चीची पाठ धरली. गायकाच्या डोक्यावर, वरच्या काळोखातून, एक साधा बल्ब तारेनं हळूहळू खाली येत होता. पिवळा, धुळकट. त्याच्या उजेडात म्हाताऱ्याचं टक्कल केसांच्या रंगाखालून दिसू लागलं. "मी काय केलं?" त्यानं विचारलं, आणि उजवा हात उचलून हवेत धरला, अंगठा पुढं काढून. तिनं आजूबाजूला बघितलं. सगळीकडे हात वर होत होते. खालच्या रांगांत, वरच्या सज्जात, पार तिकडच्या अंधाऱ्या टोकापर्यंत हात, आणि प्रत्येक हाताचा अंगठा पुढं. "मी खटका दाबला," तो म्हणाला, आणि हजारो जिभा टाळूवर एकदम आपटल्या. खट्. बल्ब गेला. त्या काळोखात कुणी हललं नाही, कुणी खोकलं नाही. एवढ्या माणसांचा श्वास एकदम थांबल्यावर जी पोकळी होते, ती तिला ऑपरेशनच्या टेबलापाशी ओळखीची होती, पण तिथं ती एका माणसाची असते. खट्. बल्ब आला. दुसऱ्या वेळचा आवाज तिला अगदी जवळून, डाव्या कानाशी ऐकू आला. बाबांचा हात वर होता. त्यांचा अंगठा पुढं काढलेला होता आणि जीभ अजून टाळूला लागलेली होती.

"छान झालं आज," उजवीकडून कुणीतरी कुजबुजलं. ती एक निवृत्त शिक्षिका होती. कार्यक्रम सुरू होण्याआधीच तिनं आपली ओळख करून दिली होती आणि पिशवीतल्या लिमलेटच्या गोळ्या दोघांना वाटल्या होत्या. "गेल्या खेपेला मागच्या लोकांनी दुसरा खटका उशिरा दिला, सगळा विचका."

"हे दर वेळी सांगतात?"

"मग! माझं लग्न व्हायच्या आधीपासून. आता बघा, पाणी पिईल, घोट गिळायला त्रास होईल, मग गाणं." गायक पाणी प्यायला. घोट गिळताना त्याचा चेहरा वाकडा झाला. "बघा," शिक्षिका समाधानानं म्हणाली. "आमचे हे गेले तेव्हा मी घरी हेच केलं. खोलीतला दिवा घालवला, लावला. बरं वाटतं हो. तुम्ही पहिल्यांदा आलात ना? तुमच्या वडिलांना मात्र सगळं पाठ दिसतंय."

गाणं सुरू झालं. गाणं चांगलं होतं की नाही ते तिला कळलं नाही. छातीच्या फासळ्यांतून ड्रमचे ठोके जात होते आणि ती बाबांच्या गुडघ्यांकडे बघत होती. एवढ्या वर्षांत टेबलावर साधी बोटं न वाजवलेले बाबा. त्यांची बोटं आत्ताही स्वस्थ होती. तिच्या मनात मात्र ती खोली उलटीपालटी होत होती. जिना होता का? बल्ब होता का? बाबांनी चोरून रेकॉर्डी ऐकल्या आणि दुसऱ्याची आई घरात आणून बसवली, की यानं बाबांची आई उचलून नेली आणि गावोगाव फिरवली? आणि कॉलर? ती तर तिची होती. ती तिनं एका बंद खोलीत, टेबलापलीकडच्या अनोळखी माणसांना दिली होती. कुणाकडून तरी लहानपणी ऐकली असेल आणि आपली वाटली असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. पेशंटला समजावतो त्या आवाजात समजावलं, आणि त्या आवाजावर स्वतः तिचा कधीच विश्वास नव्हता.

बाहेर लख्ख ऊन होतं. अंधारातून निघालेली माणसं डोळ्यांवर हात धरून, ठेचकाळत, गाडीतळाकडे चालली होती. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. बाबा तिच्या दंडाला धरून चालत होते. गाडीत बसल्यावर तिनं किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"बाबा, ती गोष्ट आपली आहे ना?"

"कुठली?"

"असं करू नका. आजीची. तो 'माझी आई' म्हणाला."

बाबांनी पट्टा ओढून लावला, मग पुन्हा सैल केला. "त्याला कुठं आई होती? लंबू आमच्याच घरी जेवायचा. माझ्या आईला आई म्हणायचा." मग ते म्हणाले, "त्या दिवशी आम्ही दोघंही दारात होतो."

"हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"तू विचारलं नाहीस. मी होतो, माझ्या मागं तो होता. का तो पुढं होता. दार अरुंद होतं गं. खटका त्याच्या हाताशी होता."

"मग दाबला कुणी?"

बाबा समोरच्या काचेतून माणसांकडे बघत राहिले. "हात एकच होता, एवढं नक्की," ते म्हणाले. "अंगठा मला अजून जाणवतो. त्यालाही जाणवत असणार, त्याशिवाय इतकी वर्षं कोण सांगेल?" ते हे इतक्या शांतपणे बोलले, गल्लीतल्या एखाद्या जुन्या झाडाबद्दल बोलावं तसे, की तिला पुढं विचारायचा धीर झाला नाही. तिनं गाडी सुरू केली. वाटेत त्यांनी फक्त एकदाच तोंड उघडलं. "चांगला बोलतो," ते म्हणाले. "पहिल्यापासून बोलायचा. मी नुसता वाजवायचो."

पुढचे दिवस तिचं कामात लक्ष लागलं नाही असं म्हणता येणार नाही. लक्ष जास्तच लागलं, आणि तेच वाईट होतं. टेबलावर पडलेल्या माणसाचं वाक्य सुटायला लागलं की ती वाकून ऐकायची. एक गवंडी गुडघ्याच्या ऑपरेशनला आला होता. आपल्या मुलीला पोहायला कसं शिकवलं ते सांगता सांगता तो 'आणि मी तिचा हात' म्हणाला आणि भुलीत गेला. ते तळं, तो हात, हिरवट पाण्याखाली दिसणारं इवलं पाऊल तिच्यापाशी राहिलं. घरी जाताना सिग्नलला थांबल्यावर तिला ते पाणी स्वतःला आठवत होतं. तिला पोहता येत नव्हतं. आणखी एक दिवस असाच जाऊ दिला असता तर आपण ते कुणाला तरी सांगितलं असतं, आपलं म्हणून, असं तिला वाटलं आणि तिनं गाडी बाजूला घेऊन आत्याला फोन लावला.

आत्या म्हणजे कोपऱ्यात खेळत बसलेली ती बहीण. तिनं जन्मभर शहरातली बस चालवली होती. आवाज असा की पायरीवर लोंबकळणाऱ्यांना मागं न बघता आत ढकलावं. लग्न केलं नाही, त्याचा कधी खेद केला नाही, आणि निवृत्त झाल्यापासून आठवड्याचे सगळे कपडे एका सकाळी इस्त्री करत रेडिओशी भांडायची. भाची तिच्याकडे पोचली तेव्हा ती इस्त्री करत चादरींपर्यंत आली होती. "ये, बस. हे टोक धर," ती म्हणाली. "कसा झाला तमाशा? लंबू अजून उभा राहतो का, का खुर्ची देतात?"

"स्टूल देतात."

"मला फिरायला न्यायचा तो खांद्यावर. एवढा उंच, मला वाटायचं विमानात बसलेय." चादरीचं दुसरं टोक तिनं झटकलं. भाचीनं मग सगळं सांगितलं. बल्ब, अंगठे, हजारो जिभांचा तो आवाज, बाबांचे ओठ. आत्या ऐकत होती आणि इस्त्री फिरवत होती. चादर संपली तेव्हा तिनं इस्त्री उभी ठेवली, पण पुढची चादर घेतली नाही.

"'रे' म्हणाला? जाता जाता दिवा लाव रे?"

"हो. बाबाही तसंच म्हणतात."

"'गं'," आत्या म्हणाली. "दिवा लाव गं. जाता जाता नाही. मी कुठं चालले होते? ते दोघं दुपारीच निघून गेले होते. दिवेलागणीला घरात मी आणि आई. दुसरं कुणी नव्हतं."

बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवत होतं. दांडीचा खरखरता आवाज बराच वेळ येत राहिला. आत्या पलंगाच्या कडेला बसली. तिचे पाय जमिनीला जेमतेम टेकत होते, हे भाचीनं आज पहिल्यांदा पाहिलं. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई इतकी लहान चणीची होती. "ती शिवत नव्हती," आत्या म्हणाली. "कॉलर कुठली आणि काय. आमच्याकडे खुर्ची एकच, ती शिवणयंत्रापाशी, म्हणून तिथं बसली होती. मला म्हणाली, दिवा लाव गं. आणि दिवा तर," आत्यानं मोठा घोट गिळला, हनुवटी एकदा वर उडाली, "दिवा तर लागलेलाच होता."

भाचीच्या हातातलं चादरीचं टोक सुटलं. तीच जागा. तेच अडकणं. पण इथं ते घशातून वर येताना दिसलं, उघडं, लहान मुलाच्या उचकीसारखा. कारण ती उचकीच होती.

"सकाळी ते आले तेव्हा मी जिन्यात बसले होते," आत्या म्हणाली. "रडून रडून उचकी लागलेली. दादानं विचारलं, काय झालं, काय झालं? मी सांगितलं. पुन्हा विचारलं, पुन्हा सांगितलं. लंबू खालच्या पायरीवर बसून ऐकत होता. दिवसभर त्यांनी माझ्याकडून तेच वदवून घेतलं. उचकी दर वेळी तिथंच यायची, अगदी 'दिवा तर'पाशी. मग तेराव्या का चौदाव्या खेपेला दादाच सांगायला लागला आणि मी ऐकायला. मग लंबू. काही दिवसांनी शेजारीण आली तेव्हा दादा म्हणाला, मी दारात होतो. मी तिथंच होते की. मला वाटलं, असेल. मोठी माणसं सांगतात तर असेल."

"तुला राग नाही आला? आत्या, ते तुझं होतं."

"राग?" आत्या खरंच नवलानं बघत होती. "अगं, मी एवढीशी पोर. मला ते घेऊन कुठं झोपायचं हेच कळत नव्हतं. त्या दोघांनी उचललं, एकानं इकडून एकानं तिकडून, कपाट उचलतात तसं, आणि नेलं. त्या रात्रीपासून मला झोप लागली. मी मजेत जगले, तुला माहीत आहे. बस चालवली, भांडले, हिंडले. दादा घरी बसला त्याच्यापायी. त्याला आता सांगायचं का, की बाबा रे, तू नव्हतासच?" तिनं मान हलवली. "ते नको सांगू. तेवढं नको."

भाचीनं सुटलेलं चादरीचं टोक उचललं. मग तिनं विचारलं ते डॉक्टर म्हणून विचारलं की नात म्हणून, तिचं तिलाच समजलं नाही. "मग तू काय केलंस? दिवा लाव म्हणाली तेव्हा?"

"बादली उपडी घातली आणि चढले. दिवा लागलेला, मग काय करायचं? घालवला आणि परत लावला. आई म्हणाली, 'हं. आता दिसलं.'"

"असं म्हणाली?"

"असंच. हे कुणाला ठाऊक नाही. कुणी विचारलंच नाही पुढचं. सगळ्यांना दिव्यापर्यंतच हवं होतं." आत्यानं आवाज उतरवला, तो उतरतो हेच भाचीला ठाऊक नव्हतं. "मी बादलीवरूनच विचारलं, काय दिसलं आई? ती बोलली नाही. तिची नजर माझ्यावर नव्हती. माझ्या शेजारी, दाराकडे बघत होती. दार उघडं होतं, बाहेर जिन्यात अंधार. तिनं मान हलवली, हळूच, आपलं माणूस दारात येऊन उभं राहिलं की हलवतो तशी. मी वळून बघितलं. कुणी नव्हतं. मग मी उतरले आणि तिच्या पायांना हात लावला, तर ते गार होते." ती उठली, इस्त्रीला ओलं बोट लावून पाहिलं. चुर्र असा आवाज झाला. "चल, उरलेल्या धर."

दोघींनी उरलेल्या चादरी इस्त्री केल्या. जेवायला थांब म्हणून आत्यानं आग्रह केला, लंबूची नक्कल करून दाखवली, निघताना पाठीत धपाटा घातला. भाची पायऱ्या उतरून रस्त्यावर आली. भर सकाळ होती, दुकानं उघडत होती, एक बाई काचेवर पाणी मारत होती. तिला वाटलं आपण हलके होऊ, पण तसं झालं नाही. खोली आता तिच्या आत नीट लागली होती, पण ती आतून दिसत होती, आजीच्या खुर्चीवरून. समोर काळोख, काळोखात कुठंतरी बादली सरकवल्याचा आवाज, लहान पावलं, आणि खटका. त्या आवाजानंतर काय दिसलं असेल ते बघायला तिचे डोळे आपसूक दाराकडे वळत होते, आणि रस्त्यात तिच्या समोर दार नव्हतं. गाडीपाशी पोचली तोच फोन वाजला.

"आत्याकडे गेली होतीस ना," बाबा म्हणाले. "काय म्हणाली?"

"काही नाही. तुमच्या लंबूची नक्कल केली. चादरी होत्या."

"आणि आईचं काही?"

ती गाडीच्या दाराला हात लावून उभी राहिली. पत्रा तापला होता. बाबांचा श्वास ऐकू येत होता, म्हाताऱ्या माणसाचा, नाकातून शिट्टी वाजणारा.

"मी निघून गेल्यावर," बाबा म्हणाले, "आई काही बोलली का? मी जन्मात तुझ्या आत्याला विचारलं नाही. लहान होती. तुला बोलली असली तर सांग."

आत्यानं एवढंच नको सांगू म्हणून बजावलं होतं की तू तिथं नव्हतास. पुढचं सांगू नको असं ती म्हणाली नव्हती. भाचीनं फक्त तेवढं एक वाक्य दिलं. "खटक्यानंतर आजी म्हणाली, 'हं. आता दिसलं.'"

 पलीकडची शिट्टी थांबली. तिला वाटलं बाबा रडताहेत, आणि एवढ्या वर्षांनी का होईना, ते रडताहेत म्हणून तिचे डोळे भरून आले.

"हं," बाबा म्हणाले, अगदी सावकाश, शब्द जिभेवर घोळवून बघत असल्यासारखं. "आता दिसलं." मग त्यांचा आवाज मोकळा झाला. "हो. बरोबर. असंच म्हणाली होती. आणि मान हलवली, माझ्याकडे बघून. नाही का?"

मानेबद्दल तिनं त्यांना काही सांगितलं नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? मी दारातच होतो," बाबा म्हणाले. "बरं, ठेवतो गं. गॅसवर दूध आहे."